कबाडीला देण्याआधी थांबा! टॉकीजचं जुनं साउंड मशीन कसं ओळखायचं, कसं जपायचं?

बुटीबोरी : एमआयडीसीमुळे बुटीबोरी आणि आजूबाजूच्या गावांत कबाडाचा धंदा मोठा आहे. कारखान्याचं लोखंड, जळालेल्या मोटारी, वायर, पत्रे सगळं वजनावर विकलं जातं. याच ढिगात कधी एखादी वस्तू अशी येऊन पडते, जी कारखान्याची नसते. बंद पडलेल्या टॉकीजचा ॲम्प्लिफायर, पडद्यामागचा मोठा भोंगा, प्रोजेक्टरखालचा साउंड हेड. कबाडीच्या काट्यावर त्याचं मोल एवढंच : ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबं किती, भोंग्यात चुंबक किती, पेटीत लोखंड किती.

पण त्यातलं एखादं मशीन जगात एकच असू शकतं. एखाद्या कंपनीने विक्रीआधी बनवलेला पहिला नमुना, नाहीतर आपल्याच भागातल्या एखाद्या मिस्त्रीने हाताने बनवलेला ॲम्प्लिफायर. अशा पहिल्या किंवा एकमेव नमुन्याला प्रोटोटाइप म्हणतात. तो एकदा फुटला की दुसरा मिळत नाही.

तुमच्या घराच्या माळ्यावर, बंद टॉकीजच्या केबिनमध्ये किंवा मंडप-डेकोरेशनवाल्याच्या गोदामात अशी वस्तू असेल, तर ती ओळखायची कशी, सांभाळायची कशी आणि कोणाला दाखवायची, ते आज समजून घेऊ.

कायदा वाचवेल का? नाही

अनेकांना वाटतं की जुनी वस्तू म्हणजे सरकार लक्ष ठेवतच असेल. तसं नाही. पुरातन वस्तूंसाठी १९७२चा केंद्रीय कायदा आहे. त्यात साधारणपणे १०० वर्षं जुनी वस्तूच पुरावशेष मानली जाते. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. म्हणजे आपल्याकडे बोलपटाच्या आवाजालाच अजून १०० वर्षं झालेली नाहीत. त्यामुळे टॉकीजची बहुतेक सगळी साउंड मशीनं या कायद्याच्या बाहेर आहेत.

सरळ अर्थ असा की हे मशीन वाचेल की तुटेल, हे ज्याच्या घरात ते आहे त्याच्याच हातात आहे.

‘आलम आरा’चं मशीन कुठे सापडलं?

‘आलम आरा’ची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडेही नाही. पण त्या सिनेमाशी जोडलेलं एक मशीन सापडलं. अमेरिकेतल्या शिकागोत बनलेलं, बेल अँड हॉवेल कंपनीचं फिल्म छापायचं यंत्र. ते निर्माते-दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांच्या मालकीचं होतं. इतकी वर्षं ते मुंबईत कपडे भाड्याने देणाऱ्या एका दुकानात पडून होतं. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने त्याची दखल घेतली, तेव्हा लोकांना त्याचं महत्त्व कळलं.

साड्या आणि पोशाखांच्या दुकानात भारताच्या पहिल्या बोलपटाचं यंत्र! ते वाचलं, कारण मालकाने ते कबाडात काढलं नाही. एवढंच.

मशीन बनवणारे आपलेही होते

सिनेमाचं सगळं सामान विलायतेतून आलं, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांची मदत घेऊन तो कॅमेरा पूर्ण केला आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ (१९२०) सारखे मूकपट काढले. त्या देशी कॅमेऱ्याची आठवण म्हणून कोल्हापुरात आजही स्तंभ उभा आहे.

हेच विष्णुपंत दामले पुढे १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे एक मालक झाले. आणि प्रभातचा पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची बाजू त्यांनीच सांभाळली. कॅमेरा जोडणारा माणूस आवाजाच्या यंत्रातही उतरला. पाहून, खोलून, जोडून शिकायची ही आपली पद्धत होती.

ही परंपरा तिथेच थांबली नाही. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट बनला. २०१६ साली तो फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरवही झाला. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक वयस्क कारागीर आहे. त्याने स्वतःच्या डोक्याने नवा प्रोजेक्टर बनवला, ज्याचे गिअर तेलात बुडून फिरतात. असा प्रोजेक्टर कोणत्याही कंपनीच्या यादीत मिळणार नाही. तो मशीन चित्राचं आहे, पण आवाजाच्या मशीनचंही हेच आहे. जो मिस्त्री प्रोजेक्टर खोलायचा, तोच ॲम्प्लिफायरही जोडायचा.

आधी समजून घ्या : टॉकीजमध्ये आवाज यायचा कसा?

हे कळलं की ढिगातले तुकडे ओळखता येतात.

सिनेमाच्या ३५ मिलीमीटर फिल्मवर चित्रांच्या बाजूला एक बारीक पट्टी असते. तिच्यात नागमोडी रेघ दिसते, नाहीतर फिकट-गडद आडव्या रेषा दिसतात. तोच आवाज. प्रोजेक्टरच्या खाली साउंड हेड नावाचा भाग असतो. त्यात एक छोटा पण जाड तारेचा बल्ब असतो, त्याला एक्सायटर लॅम्प म्हणतात. त्याचा उजेड बारीक फटीतून त्या पट्टीवर पडतो. पट्टी सरकते तसा उजेड कमी-जास्त होतो. पलीकडे फोटोसेल बसवलेला असतो. तो उजेडाची वीज करतो. ही वीज फार कमी असते, म्हणून ती ॲम्प्लिफायरमध्ये वाढवतात आणि वायरने पडद्यामागच्या भोंग्यांकडे पाठवतात.

पडद्याला बारीक छिद्रं का असायची? मागच्या भोंग्याचा आवाज आरपार यावा म्हणून.

आणखी एक गंमत. फिल्म चित्राजवळ थांबत-थांबत चालते, सेकंदाला २४ चित्रं. पण आवाजाला थांबणं चालत नाही, फिल्म एकसारखी सरकावी लागते. म्हणून आवाज वेगळ्या जागी वाचतात. ३५ मिमी फिल्मवर चित्राचा आवाज त्या चित्राच्या साधारण २० चित्रं पुढे छापलेला असतो, १६ मिमीवर २६ चित्रं पुढे. ऑपरेटरने फिल्म चढवताना गाळा चुकवला की ओठ आधी हलायचे आणि डायलॉग मागून यायचा. मग पब्लिकच्या शिट्ट्या.

म्हणजे शोधायच्या वस्तू चार : साउंड हेड, ॲम्प्लिफायर, भोंगे आणि वीज पुरवणारी पेटी म्हणजे रेक्टिफायर. सरकारी प्रचार गाडीवाल्यांचा १६ मिमी प्रोजेक्टर असेल, तर त्याचा ॲम्प्लिफायर बहुतेक वेळा त्याच पेटीत असतो.

मशीन किती जुनं? हे पाहा

नावाची पाटी पाहून लगेच निष्कर्ष काढू नका. पाट्या बदलल्या जायच्या. चांगल्या कंपनीची पाटी काढून साध्या पेटीवर ठोकायचे, कारण मालकाला बाहेर नाव सांगायला बरं. पाटीभोवती जुन्या स्क्रूची भोकं किंवा रंगाचा वेगळा चौकोन दिसला तर समजा, पाटी मागून आली आहे. खरी ओळख आतल्या सामानात असते.

● भोंगा : जुन्या जमान्यात जोरदार कायमचे चुंबक मिळत नव्हते. म्हणून भोंग्यात तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं घालून, वीज देऊन चुंबक तयार करायचे. अशा भोंग्याला आवाजाच्या दोन वायरींशिवाय आणखी दोन वायरी असतात. अशी जोडी दिसली तर भोंगा बहुतेक १९३०-४०च्या काळातला समजा. हे दुर्मीळ आहेत, आणि तांबं जास्त असल्यामुळे कबाडात सगळ्यात आधी हेच फुटतात.

● व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे दिवे : त्यावरचा नंबर वाचा. ६एल६ नंबरचा व्हॉल्व्ह १९३६ साली निघाला, ईएल३४ हा १९४९च्या सुमाराला. म्हणजे मूळ ईएल३४ असलेला ॲम्प्लिफायर त्याआधीचा असू शकत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली, तेव्हा ‘बेल’चा शिक्का असलेला व्हॉल्व्ह त्यानंतरचाच. मात्र व्हॉल्व्ह बदलता येतो. म्हणून फक्त व्हॉल्व्ह नाही, ज्या सॉकेटमध्ये तो बसतो ते मूळचं आहे का, हेही पाहा.

● साउंड हेडमधला डोळा : काचेचा फोटोसेल असेल तर जुनी पद्धत. चपटा सोलर सेल असेल तर नंतरची. लाल एलईडी असेल तर अगदी शेवटच्या काळातली.

● डिस्कचा प्लेअर : काही टॉकीजमध्ये प्रोजेक्टरवर एक छोटा रीडर आणि वेगळ्या डिस्क वाजवणारी पेटी सापडेल. ही डीटीएस पद्धत. ती १९९३च्या ‘जुरासिक पार्क’पासून सुरू झाली. तीसवर्षांपूर्वीची वस्तू म्हणून ती फेकू नका, आता तीही इतिहासात जमा झाली आहे.

नावांमध्ये परदेशी म्हणाल तर वेस्टर्न इलेक्ट्रिक, आरसीए, वेस्ट्रेक्स, फिलिप्स, बेल अँड हॉवेल, अल्टेक ही दिसतील. देशी नावांत फोटोफोन, अहुजा आणि शिकागो रेडिओ. यातलं ‘शिकागो रेडिओ’ नाव वाचून अमेरिकन समजू नका. ते मोटवाने या भारतीय कंपनीचं नाव, आणि स्वातंत्र्य चळवळीतल्या मोठमोठ्या सभांना त्यांचेच लाउडस्पीकर लागायचे.

प्रोटोटाइप आहे हे कशावरून?

आधी स्पष्ट सांगायला हवं. दहा जुन्या मशीनपैकी दहाही कारखान्यात हजारांनी बनलेली असू शकतात. ‘जुनं’ आणि ‘पहिला नमुना’ यांत फरक आहे. आपल्याकडे तीन प्रकार सापडू शकतात.

पहिला, कंपनीचा खरा नमुना. विक्रीआधी चाचणीसाठी बनवलेला. एखाद्या टॉकीजला तो वापरून बघायला दिला जायचा. हा फार क्वचित मिळतो.

दुसरा, मिस्त्रीने स्वतः बनवलेलं एकमेव मशीन. परदेशी सामान महाग, सुटे भाग मिळायला महिने लागायचे, तंबूत जनरेटरवर वीज कमी-जास्त व्हायची. मग गरजेनुसार घरीच मशीन तयार व्हायचं. आपल्या भागात सापडलाच तर हाच प्रकार सापडायची शक्यता जास्त.

तिसरा, कंपनीचं मशीन पण आतून बदललेलं. व्हॉल्व्ह काढून ट्रान्झिस्टर घातले, माइकसाठी जास्तीचं तोंड काढलं, कमी विजेवर चालेल असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. हेही जपायला पाहिजे, कारण टॉकीज प्रत्यक्ष कशी चालायची हे त्यातूनच कळतं.

खालच्या खुणांपैकी तीन-चार एकत्र दिसल्या तर मशीन बाजूला ठेवा :

१. पाटीच नाही, किंवा पाटीवर नंबर छापलेला नसून हाताने ठोकलेला, कोरलेला, रंगाने लिहिलेला आहे.
२. नंबर अगदी लहान आहे, जसं की १, २, ३. किंवा नंबराच्या जागी नुसतं एखादं अक्षर आहे.
३. पेटीचा पत्रा हाताने वाकवलेला आहे, कडा कानशीने घासलेल्या दिसतात, कोपरे एकसारखे नाहीत.
४. पत्र्यात अशी भोकं आहेत ज्यांत काहीच बसवलेलं नाही. म्हणजे बनवणाऱ्याने जागा बदलून पाहिली.
५. आतलं वायरिंग हाताने केलेलं आहे, वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या काळातल्या वायरी आहेत.
६. बटणांखाली छापील शब्द नाहीत. पेन्सिलने, पेंटने किंवा कागद चिकटवून ‘आवाज’, ‘माइक’, ‘मशीन १’, ‘मशीन २’ असं लिहिलं आहे.
७. झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा, तारीख, सही किंवा हिशेबाचा कागद चिकटवलेला आहे.
८. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनशी बाहेरून जुळतं, पण आतून जुळत नाही.

यातली सातवी खूण सगळ्यात मोलाची. तो पिवळा कागद फाडला तर मशीनचा जन्मदाखलाच गेला.

सावधान! प्लग लावून पाहू नका

‘चालते का बघू’ म्हणून पिन लावणं ही सगळ्यात मोठी चूक. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आत ३०० ते ५०० व्होल्टपर्यंत वीज असते. कंडेन्सरमध्ये ती पिन काढल्यावरही साठून राहते. झटका जिवावर बेतू शकतो. शिवाय वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन एकदम पूर्ण विजेवर घेतलं की जुने कंडेन्सर फुटतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. जे पन्नास वर्षं टिकलं ते पाच सेकंदांत जातं. आत हात घालायचा तर व्हॉल्व्हचं काम जाणणारा कारागीरच बोलवा.

काही रेक्टिफायरमध्ये काचेच्या नळीत पारा असतो. नळी फुटली तर पाऱ्याची वाफ विषारी असते. पोरांना हात लावू देऊ नका. प्रोजेक्टरच्या दिव्याच्या पेटीत जुन्या वायरींवर पांढरट तंतूंचं आवरण असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, झटकू नका.

सोबत फिल्मचे डबे सापडले तर आणखी काळजी. १९५०च्या सुमारापर्यंत नायट्रेटची फिल्म वापरात होती. ती झपाट्याने पेटते आणि पेटली की पाण्यानेही सहज विझत नाही. खराब झालेली नायट्रेट फिल्म जास्त उष्णतेत आपोआपही पेट घेऊ शकते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच फिल्मच्या साठ्याला आग लागून मोलाच्या जुन्या प्रिंट जळाल्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, टिनाखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त. म्हणून डबा उघडल्यावर फिल्म चिकट, फेसाळ किंवा तपकिरी भुकटी झालेली दिसली, किंवा कडेला इंग्रजीत ‘नायट्रेट’ छापलेलं दिसलं, तर डबा घरात ठेवू नका. राहत्या घरापासून लांब, सावलीत ठेवा आणि लगेच चित्रपट संग्रहालयाला कळवा. तुकडा जाळून तपासायचा उद्योग तर अजिबात नको. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती दुसऱ्या प्रकारची फिल्म आहे. ती अशी पेटत नाही, पण सडायला लागलेली असते.

‘लाल पारा’ म्हणजे शुद्ध फसवणूक

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज तुम्हीही पाहिला असेल. जुन्या रेडिओत, टीव्हीत, व्हॉल्व्हमध्ये ‘रेड मर्क्युरी’ असतो, त्याचे लाखो-कोटी मिळतात. हे साफ खोटं आहे. असा कोणताही मौल्यवान लाल पारा या मशीनमध्ये नसतो. ही अफवा फक्त आपल्याकडे नाही. २००९ साली सौदी अरेबियात जुन्या सिंगर शिलाई मशीनमध्ये लाल पारा असतो अशी हूल उठली आणि लोक त्या मशीनसाठी वेड्यासारखे पैसे मोजायला लागले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं.

या नादात लोक चांगला व्हॉल्व्ह फोडतात आणि हातात काहीच येत नाही. कोणी फोन करून ‘तुमचं मशीन कोटीला घेतो, आधी टेस्टिंगची फी पाठवा’ म्हणाला तर फोन ठेवा. खरा संग्राहक आधी पैसे मागत नाही आणि ओटीपी तर नाहीच नाही.

विदर्भाच्या हवेत मशीन जपायचं कसं?

एसी खोली लागत नाही. थोडी शिस्त लागते.

आपल्या हवेचा त्रास दोन बाजूंनी आहे. उन्हाळ्यात कोरडी भट्टी, पावसाळ्यात ओल. उन्हाळ्यात वायरचं रबर तडकतं, भोंग्याचा कागद ठिसूळ होतो. पावसाळ्यात तोच कागद ओल धरतो, लोखंड गंजतं, ट्रान्सफॉर्मरमध्ये दमटपणा शिरतो. म्हणून माळा नको आणि गोठ्याशेजारची खोलीही नको. घरातली मधली खोली सगळ्यात बरी, जिथं भिंत थेट उन्हाची नाही.

● जमिनीवर ठेवू नका. विटांवर लाकडी फळी टाकून वीतभर उंच ठेवा. उधई आणि ओल दोन्ही टळतात. भिंतीपासूनही थोडं लांब.
● प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत घाम धरतो. जुन्या सुती धोतराने किंवा चादरीने झाका.
● नवीन बुटांच्या डब्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून आत ठेवा. पावसाळ्याआधी बदला.
● धूळ मऊ ब्रशने झटका. पाणी, रॉकेल, थिनर, सँडपेपर काही नको. पाटीवरची अक्षरं आणि पेन्सिलच्या खुणा यानेच पुसल्या जातात.
● रंग मारू नका. ‘चकाचक’ केलेल्या मशीनची किंमत वाढत नाही, कमी होते. खरचटे हाच त्याचा इतिहास आहे.
● भोंग्याच्या कागदाला बोट लावू नका. तोंडावर पुठ्ठा बांधा, उंदीर शिरणार नाही. भोंगा तोंडावर पालथा घालू नका.
● निघालेला स्क्रू, तुटलेलं बटण, सुटलेला व्हॉल्व्ह फेकू नका. पिशवीत घाला, चिठ्ठी लिहा आणि मशीनलाच बांधा.
● भोंग्याच्या चुंबकाजवळ जुन्या टेप किंवा कॅसेट ठेवू नका, त्यावरचं रेकॉर्डिंग पुसलं जाऊ शकतं.
● जागेवरून हलवायच्या आधी फोटो काढा. कोणती वायर कुठं जाते, हे एकदा सुटलं की परत जुळवणं अवघड.

मोबाइल हेच तुमचं हत्यार

मशीनचे कमीत कमी दहा फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून. मग पाटीचा जवळून, नंबरचा जवळून, आतल्या कागदाचा जवळून, आणि झाकण आधीच उघडं असेल तर आतल्या वायरिंगचा. शेजारी फूटपट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. दिवसा उजेडात काढा, फ्लॅश नको, पाटीवर चमक येते.

फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

आणि मशीनपेक्षाही घाई माणसाची आहे. गावात जुना ऑपरेटर असेल, तंबू टॉकीजवर काम केलेले आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसा. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा, त्यांना तसं सांगून. विचारा :

● हे मशीन कुठून आणलं? कोणी बनवलं? कोणत्या साली?
● त्यात काय-काय बदललं? का बदललं?
● कोणत्या गावांत, कोणत्या जत्रेत चाललं? तिकीट किती होतं?
● आवाज गेला की काय करायचे?

या उत्तरांशिवाय हाताने बनवलेलं मशीन म्हणजे नुसती बिननावाची पेटी. मशीन पुढची पन्नास वर्षं टिकू शकेल, पण ते बनवणाऱ्याची आठवण तेवढी टिकणार नाही. ओळख पटवण्याचं निम्मं काम याच रेकॉर्डिंगने होतं.

दाखवायचं कोणाला?

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. आता ते एनएफडीसीच्या अखत्यारीत आहे. फिल्म, पोस्टर, फोटो, कागदपत्रं सापडली तर पहिला विचार याचा करा. मुंबईत पेडर रोडवर भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालं. तिथे सिनेमाची जुनी यंत्रं लोकांना पाहायला मांडलेली आहेत. फिल्म हेरिटेज फाउंडेशनही मुंबईतच. तिघांनाही आधी फोटो आणि माहिती पाठवा. मशीन उचलून घेऊन जाऊ नका, वाटेतच मोडायची भीती.

जवळचं म्हणाल तर नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आणि रमण विज्ञान केंद्र. इथल्या जाणकारांना विचारून पाहायला हरकत नाही. गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात काचेच्या कपाटात, माहितीच्या फलकासह ठेवणं हाही चांगला मार्ग. फक्त जबाबदारी कोणाची हे ठरवून घ्या.

देताना तोंडी बोलण्यावर जाऊ नका. दान देता की ठेव म्हणून देता, हे लेखी हवं. दान दिलं की मालकी जाते. ठेव म्हणून दिलं तर मालकी तुमच्याकडे राहते. पावतीवर वस्तूचं वर्णन, नंबर, फोटो, तारीख आणि शिक्का पाहिजे. घरात भाऊबंद असतील तर सगळ्यांची संमती आधी घ्या, नंतर कुरबुर नको. विकायचंच ठरलं तरी लाज वाटायचं काही कारण नाही, घर चालवावं लागतं. पण किलोच्या भावाने नको आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला नको. फोटो दोन-तीन जाणकारांना दाखवा, मग ठरवा.

कबाडीवाल्या बंधूंनाही विनंती

हा लेख तुमच्या विरोधात नाही. उलट, अशी वस्तू सगळ्यात आधी तुमच्याच नजरेस पडते. हिंगणा, उमरेड, काटोल, सावनेर, कुही, मौदा, कुठूनही माल आला आणि त्यात काचेचे दिवे असलेली जड पेटी, चार वायरींचा भोंगा किंवा बल्ब-भिंगाचा साउंड हेड दिसला, तर हातोडा मारायच्या आधी दोन फोटो काढा आणि माल कुठल्या गावाहून आला ते लिहून ठेवा. तांब्याचा भाव तुम्हाला आज मिळेल तसा आठ दिवसांनीही मिळेल. तोवर एखाद्या संग्राहकाचा फोन आला तर त्याहून बराच चांगला भाव मिळू शकतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

✔ फोटो आधी, हात नंतर.
✔ प्लग लावायचा नाही, पेटी खोलायची नाही.
✔ पाटीवर भरवसा नाही, आतल्या खुणा पाहायच्या.
✔ चिकटवलेला कागद, पेन्सिलची अक्षरं जपायची.
✔ जुन्या ऑपरेटरचं बोलणं रेकॉर्ड करायचं.
✔ लाल पाऱ्याच्या मेसेजला बळी पडायचं नाही.
✔ देताना लेखी पावती घ्यायची.

प्रोजेक्टरची जागा डिजिटलने घेतल्यावर गावोगावच्या केबिन रिकाम्या झाल्या. जे सामान उरलं ते आता कुलूपबंद खोल्यांत आणि माळ्यांवर आहे. यंदा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा त्या कोपऱ्यातली जड पेटी एकदा उजेडात आणून पाहा. झाकणाच्या आत कोणाचं नाव लिहिलेलं आहे का, ते वाचा. आणि वाचून झाल्याशिवाय कबाडीला हाक मारू नका.